वीस आठवडे आणि ऊसतोडीचा हंगाम

हा प्रश्न मूळच्या बीड जिल्ह्यातील आणि सध्या पुण्यात अर्थशास्त्राच्या पदव्युत्तर वर्गात शिकणाऱ्या एका विद्यार्थिनीने विचारला आहे. अमेरिकेत गर्भपातावरील बंदी आणि त्या त्या राज्यातील कुटुंबांची आर्थिक सुरक्षितता यांचा संबंध दाखवणारे संशोधन तिच्या वाचनात आले. भारतात गर्भपात १९७१ पासून कायदेशीर असताना मराठवाड्यासारख्या प्रदेशात असा काही संबंध उरतो का, आणि उरत असेल तर तो मोजायचा कशाने, असे ती विचारते.

मी २६ वर्षे स्त्रीरोगतज्ज्ञ म्हणून काम करते आहे. त्यातली पहिली ११ वर्षे बीड जिल्ह्यातील एका ग्रामीण रुग्णालयात गेली आणि पुढची सांगली-कोल्हापूरच्या ऊसपट्ट्यात. ज्या गावांतून दिवाळीच्या आसपास ऊसतोडीच्या टोळ्या निघतात ती गावे मी पाहिली आहेत आणि ज्या फडांवर, म्हणजे तोडीच्या शेतांवर, त्या उतरतात ते फडही पाहिले आहेत. या अनुभवावरून तुमच्या प्रश्नाला माझे उत्तर ‘होय’ असे आहे. हा संबंध आपल्याकडे आहे, तो घट्ट आहे, आणि कायद्याने परवानगी दिली एवढ्याने तो सुटत नाही. कायदा सगळ्या राज्याला एकच असतो. सेवा मात्र कुठल्यातरी एका गावी, ठरावीक वारी, ठरावीक डॉक्टर हजर असेल तेव्हाच मिळते. जिचे पोट वर्षातले पाच महिने दुसऱ्याच प्रदेशातल्या कामावर चालते, तिच्यासाठी ते गाव आणि तो वार गाठणे हाच खरा प्रश्न असतो.

हिशेबाची सुरुवात कोयत्यापासून करू. ऊसतोडीत मजूर माणशी मोजला जात नाही. नवरा-बायको मिळून एक कोयता होतो आणि उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, त्या जोडीला मिळते. ही उचल लाखाच्या घरातली असते. ती हंगामाआधी मुकादमाकडून, म्हणजे टोळीच्या ठेकेदाराकडून, घेतली जाते, लग्न, घर, दवाखाना किंवा जुने देणे यांत खर्च होऊन जाते, आणि मग नोव्हेंबर ते मार्च-एप्रिलपर्यंत रोज ऊस तोडून, मोळ्या बांधून, गाडी भरून फेडायची असते. जोडीतले एक माणूस एक दिवस जरी कामावर गेले नाही तरी खाडा लागतो. त्या दिवसाची मजुरी बुडते ती वेगळी, आणि वर दंड म्हणून बऱ्याच ठिकाणी ५०० रुपये, काही ठिकाणी त्याहून जास्त, उचलीत चढवले जातात. अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याने इथे थांबून विचार करावा असे मला वाटते, कारण आजारपणाच्या दिवशी कमाई शून्य होते अशी व्यवस्था असंघटित क्षेत्रात सगळीकडे आहे, पण आजारपणाच्या दिवशी कमाई शून्याच्याही खाली जाते अशी व्यवस्था क्वचितच आढळते.

याच देशात मातृत्व लाभाच्या कायद्याने नोकरदार स्त्रीला गर्भपातानंतर सहा आठवडे पगारी रजा दिली आहे. आपोआप झालेल्या गर्भपाताला ती आधीपासून होती, वैद्यकीय गर्भपात १९९५ च्या दुरुस्तीने तिच्यात आला, आणि पुढे सामाजिक सुरक्षा संहितेतही ही तरतूद कायम ठेवली गेली. म्हणजे गर्भपातानंतर शरीराला विश्रांती लागते आणि त्या विश्रांतीची किंमत स्त्रीने एकटीने भरू नये, हे तत्त्व आपण मान्य केलेले आहे. पुण्याच्या कार्यालयातील स्त्रीला सहा आठवड्यांचा पगार मिळतो आणि फडावरच्या स्त्रीला दुसऱ्या दिवशी पहाटे मोळी उचलावी लागते, कारण उठली नाही तर खाडा आहे.

आता प्रत्यक्ष गर्भपाताचा खर्च पाहा. सरकारी रुग्णालयात ही सेवा मोफत असते, त्यामुळे कागदावर खर्च काहीच नाही. गोळ्यांनी गर्भपात करायचा तर आपल्याकडच्या रूढ पद्धतीत पहिल्या दिवशी तपासणी आणि पहिली गोळी, तिसऱ्या दिवशी दुसरे औषध आणि पंधराव्या दिवशी फेरतपासणी, अशा तीन खेपा होतात. गावातल्या स्त्रीला या तीन खेपा जड जातात, पण जमतात. फडावरच्या स्त्रीसाठी मात्र तीन खेपा म्हणजे तीन खाडे. नवऱ्याला बरोबर यावे लागले तर अख्खा कोयता तीन दिवस बंद राहतो, त्यात परक्या मुलखातले गाडीभाडे येते, आणि दुसऱ्या औषधानंतर रक्तस्राव होत असताना उसाच्या पाचटाच्या कोपीत, जिथे संडास नाही आणि पाणी दुरून आणायचे असते तिथे, काढायचे दोन दिवस येतात. याउलट हाताने चालणाऱ्या निर्वात पंपाची साधी पद्धत, जिला आम्ही एमव्हीए म्हणतो, ती १२ आठवड्यांपर्यंत एकाच भेटीत पूर्ण होते, तिला वीज लागत नाही, आणि बाई संध्याकाळी परत जाऊ शकते. वैद्यकीयदृष्ट्या दोन्ही मार्ग उत्तमच आहेत. पण कोणता मार्ग उपलब्ध आहे यावर त्या कुटुंबाच्या उचलीवर किती बोजा चढणार हे ठरते, ही गोष्ट मी पहिली काही वर्षे स्वतःही लक्षात घेतली नव्हती. मला वाटायचे, गोळ्यांनी काम होते तर पिशवीत नळी घालायची कशाला? एका बाईने मला बोटांवर मोजून दाखवले की माझ्या गोळ्या तिला किती दिवसांना पडल्या, तेव्हा ते उमगले.

यापेक्षा मोठी अडचण कॅलेंडरची आहे, आणि माझ्या मते तुमच्या प्रश्नाचे मर्म तिथेच आहे. समजा, दिवाळीच्या सुमारास गावी असताना दिवस गेले. टोळी निघाली. नोव्हेंबरात पाळी चुकली, पण परका मुलूख, दवाखाना कुठे ते माहीत नाही, मुकादमाला सांगायची लाज, खाड्याची धास्ती. आधीच दोन-तीन मुले आहेत, धाकटे कोपीत रांगते आहे, हे बाळंतपण नको असे तिच्या मनात पक्के आहे, तरीही ती म्हणते, ‘पट्टा पडल्यावर गावी जाऊन बघू.’ मार्चअखेर किंवा एप्रिलमध्ये कारखान्याचा पट्टा पडतो, म्हणजे हंगाम संपतो, ती गावी पोचते आणि आमच्यासमोर येते तेव्हा २० आठवडे पूर्ण होत आलेले असतात किंवा उलटून गेलेले असतात. २० आठवड्यांपर्यंत एका डॉक्टरच्या मताने गर्भपात करता येतो, ही कायद्याची मर्यादा; आणि ऊसतोडीचा हंगाम साधारण तेवढाच लांब. ही दोन मापे जवळजवळ सारखी असणे हा योगायोग आहे, पण शेकडो गावांतल्या स्त्रियांचे वर्ष त्या योगायोगात अडकलेले आहे.

या ठिकाणी कायदा थोडा तपशिलात पाहायला हवा. महाराष्ट्रातील तत्कालीन मंत्री शांतिलाल शहा यांच्या अध्यक्षतेखालील समितीने १९६६ मध्ये अहवाल दिला, त्यातून १९७१ चा वैद्यकीय गर्भपात कायदा आला आणि १ एप्रिल १९७२ पासून तो लागू झाला. दंडविधानातील गर्भपाताचा गुन्हा त्याने रद्द केला नाही. तो आजही भारतीय न्याय संहितेच्या कलम ८८ मध्ये आहे, आणि हा कायदा म्हणजे त्यातून डॉक्टरला मिळणारी सूट आहे. त्यामुळे गर्भपात मागणे हा स्त्रीचा थेट हक्क ठरत नाही. डॉक्टरने ‘सद्भावनेने’ मत बनवावे लागते. तरीही या कायद्यात एक वाक्य असे आहे की ज्याचे मला नेहमी मोल वाटत आले आहे. गर्भारपणामुळे स्त्रीच्या आरोग्याला धोका आहे का हे ठरवताना तिची प्रत्यक्ष किंवा नजीकच्या काळात संभवणारी परिस्थिती विचारात घेता येईल, असे कलम ३ सांगते. परिस्थिती म्हणजे घर, अन्न, काम आणि कर्जसुद्धा. पन्नास वर्षांपूर्वी कायदा करणाऱ्यांनी आरोग्य आणि पोटापाण्याचा व्यवहार यांचा सांधा ओळखला होता, असे म्हणायला इथे जागा आहे.

२०२१ च्या दुरुस्तीने २० ते २४ आठवड्यांदरम्यान दोन डॉक्टरांच्या मताने गर्भपाताची मुभा दिली, पण ती ठरावीक गटांपुरती: बलात्कारपीडित, अल्पवयीन, गर्भारपणात विधवा झालेल्या किंवा घटस्फोट झालेल्या, अपंग, मानसिक आजार असलेल्या, गर्भात गंभीर व्यंग असलेल्या आणि आपत्तीत सापडलेल्या स्त्रिया. या यादीत स्थलांतरित मजूर स्त्री नाही. सर्वोच्च न्यायालयाने २९ सप्टेंबर २०२२ च्या निकालात अविवाहित स्त्रीला या मुभेत घेतले आणि वैवाहिक स्थितीतील बदलाचा नियम स्त्रीच्या भौतिक परिस्थितीतील बदल म्हणून उदारपणे वाचावा, असा मार्ग दाखवला. त्या वाचनात ऊसतोडीच्या स्त्रीचीही सोय व्हायला हवी असे माझे मत आहे. पण तालुक्याच्या डॉक्टरपुढे बाई बसलेली असते तेव्हा त्याच्या डोळ्यांपुढे निकालपत्र नसते, चौकशीची भीती असते, आणि तो तिला जिल्ह्याला पाठवतो. जिल्ह्याला जाण्यात आणखी आठवडा जातो.

मग बायका करतात काय? बहुतेक जणी वाट पाहत नाहीत. ‘पिशवी खाली करायच्या’ गोळ्या कुणाकडून तरी मिळतात, आणि त्या किती आठवड्यांपर्यंत, कशा, किती तासांच्या अंतराने घ्यायच्या हे कुणी सांगत नाही. २०१५ सालासाठी केलेल्या आणि ‘लॅन्सेट ग्लोबल हेल्थ’मध्ये प्रसिद्ध झालेल्या अंदाजानुसार भारतात त्या वर्षी सुमारे १ कोटी ५६ लाख गर्भपात झाले आणि त्यातले ७३ टक्के रुग्णालयाबाहेर, गोळ्यांनी झाले, आरोग्य केंद्रात झालेले जेमतेम २२ टक्के होते. ज्या सहा राज्यांत ही पाहणी झाली त्यांत महाराष्ट्र नव्हता, म्हणून जिल्ह्यासाठी हे प्रमाण जसेच्या तसे धरू नका. पण घराबाहेर न पडता, गाजावाजा न करता मार्ग काढायची स्त्रियांची धडपड किती मोठी आहे ते त्यातून दिसते. योग्य माहितीसह नऊ आठवड्यांच्या आत घेतलेल्या गोळ्या सुरक्षित असतात, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. माझी तक्रार माहितीच्या अभावाबद्दल आहे. अर्धवट गर्भपात होऊन, दहा-दहा दिवस रक्त जाऊन, हिमोग्लोबिन पाच-सहावर आल्यावर फडावरून आणलेल्या स्त्रिया मी दर हंगामात पाहते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीनुसार महाराष्ट्रातील १५ ते ४९ वयाच्या ५४.२ टक्के स्त्रियांना रक्तक्षय आहे. आधीच कमी असलेल्या रक्तातून हे रक्त जाते, आणि पुढचे दोन-तीन महिने त्या बाईच्या हातून निम्मेच काम होते. ते निम्मे काम मुकादमाच्या वहीत दिसते, पण त्याचे कारण कुठल्याच वहीत लिहिलेले नसते.

महाराष्ट्रात ही अडचण आणखी बिकट होण्यामागे एक वेगळा इतिहास आहे. गर्भलिंगनिदानाविरुद्ध देशात पहिला कायदा १९८८ मध्ये महाराष्ट्राने केला आणि केंद्राचा कायदा १९९४ मध्ये आला. २०११ च्या जनगणनेत बीड जिल्ह्यात शून्य ते सहा वयोगटात हजार मुलांमागे ८०७ मुली निघाल्या, राज्यात सर्वांत कमी, आणि २०१२ मध्ये परळीतील बेकायदा लिंगनिदान आणि गर्भपातांचे प्रकरण उघडकीस आल्यावर यंत्रणा खडबडून जागी झाली. ती जागी होणे गरजेचेच होते. लिंगनिदान करणाऱ्यांना शिक्षा झालीच पाहिजे. पण त्या मोहिमेत ‘गर्भलिंगनिदान गुन्हा आहे’ आणि ‘गर्भपात गुन्हा आहे’ ही दोन वाक्ये एकमेकांत मिसळली. औषध दुकानांवरील तपासण्यांनंतर अनेकांनी गर्भपाताच्या गोळ्या ठेवणेच बंद केले, अनेक खासगी डॉक्टरांनी मान्यता असूनही ही सेवा सोडली, आणि सहा आठवड्यांची गर्भवती, जिच्या गर्भाचे लिंग कुठल्याही सोनोग्राफीत दिसू शकत नाही, तीही संशयित ठरली. ज्या जिल्ह्यातून सर्वाधिक स्त्रिया तोडीला जातात, त्याच जिल्ह्यात सेवा आकसली. मुलींची संख्या वाचवण्याच्या प्रामाणिक प्रयत्नात मुलींच्या आयांची वाट बंद झाली, याचे मला आजही वाईट वाटते.

आणि मग ‘पिशवी काढण्या’ची गोष्ट येते. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालील समितीसमोर २०१९ मध्ये आलेल्या पाहणीत बीड जिल्ह्यातील ८२,३०९ ऊसतोड स्त्रियांपैकी १३,८६१ जणींचे गर्भाशय काढलेले आढळले. या आकड्याची चर्चा झाली ती प्रामुख्याने खासगी डॉक्टरांच्या लोभाच्या अंगाने, आणि तो भाग खराही आहे. अंगावरून पांढरे जाते एवढ्यावर कॅन्सरची भीती घालून शस्त्रक्रिया झाल्या आहेत. पण बाईने त्याला होकार का दिला? पाळीच्या दिवशी खाडा नको, पुन्हा दिवस जाण्याची भीती नको, पुन्हा गोळ्या, पुन्हा रक्तस्राव, पुन्हा जंतुसंसर्ग नको. वेळेवर मिळणारे गर्भनिरोधन आणि सुरक्षित गर्भपात या दोन साध्या सेवा जिथे हाताशी नसतात, तिथे तिशीतल्या स्त्रीला आपले गर्भाशय काढून टाकणे हा शहाणपणाचा आर्थिक निर्णय वाटू लागतो. शस्त्रक्रियेसाठी पुन्हा मुकादमाकडून पैसे घेतले जातात, ते उचलीत चढतात, आणि बीजांडेही काढली गेली असतील तर काही वर्षांतच हाडे ठिसूळ होऊन, कंबर धरून बसलेली ती स्त्री मोळी उचलण्याच्या कामातून बाद होते. एका प्रदेशाची श्रमशक्ती चाळिशीतच झिजते, ती अशी.

अल्पवयीन मुलींबद्दल थोडक्यात सांगते. आईबाप तोडीला गेल्यावर मुलीला गावात एकटी कशी ठेवायची, आणि जोडी झाली की कोयता होतो, या दोन कारणांनी लग्ने लवकर लागतात. सोळा-सतरा वर्षांची गर्भवती समोर आली की डॉक्टरवर पॉक्सो, म्हणजे बालकांवरील लैंगिक अत्याचारांविरुद्धच्या, कायद्याखाली पोलिसांना कळवण्याचे बंधन असते, म्हणून नवरा तुरुंगात जाईल या भीतीने ती रुग्णालयात येतच नाही. सर्वोच्च न्यायालयाच्या २०२२ च्या त्याच निकालाने, अल्पवयीन मुलीने आणि तिच्या पालकांनी विनंती केल्यास अहवालात तिची ओळख उघड करू नये, असे स्पष्ट केले आहे. हे अनेक डॉक्टरांना अजून माहीत नाही, आणि गावांना तर नाहीच नाही.

आता तुम्ही वाचलेल्या अमेरिकी संशोधनाकडे वळते. त्यातला सर्वांत भक्कम पुरावा कॅलिफोर्निया विद्यापीठातील डायना ग्रीन फॉस्टर यांच्या गटाचा आहे. त्यांनी ३० केंद्रांतील सुमारे हजार स्त्रिया पाच वर्षे अभ्यासल्या: काहींना मुदतीच्या थोडे आत आल्याने गर्भपात मिळाला होता आणि काहींना मुदत थोडी उलटल्याने नाकारला गेला होता. बाकी परिस्थिती सारखीच असल्याने पुढचा फरक नकाराचाच, असे बऱ्याच खात्रीने म्हणता आले. या स्त्रियांच्या कर्जफेडीच्या नोंदी तपासणाऱ्या अर्थतज्ज्ञांना नकार मिळालेल्यांची थकीत कर्जे ७८ टक्क्यांनी आणि दिवाळखोरी, घरातून काढले जाणे अशा नोंदी ८१ टक्क्यांनी वाढलेल्या आढळल्या. यातल्या बहुसंख्य स्त्रियांना आधीच मूल होते. म्हणजे नकाराचा भार घरातल्या लहानग्यांवरही पडला. हे आकडे इथे चिकटवू नका, कारण आमच्या बायकांची थकबाकी बँकेच्या नोंदीत नसते, ती मुकादमाच्या डोक्यात असते. पण यंत्रणा तीच आहे: काही दिवसांचा उशीर, त्यातून नकार, त्यातून कर्ज.

प्रदेशाच्या पातळीवर तिथे जे दिसते तेही ओळखीचे वाटेल. गर्भपाताचा घटनात्मक हक्क काढून घेणाऱ्या अमेरिकी सर्वोच्च न्यायालयाच्या २४ जून २०२२ च्या निकालानंतर ज्या राज्यांनी बंदी घातली त्यांतल्या मिसिसिपी, अलाबामा, लुइझियाना यांसारख्या राज्यांना स्वतःचा किमान वेतनाचा कायदाच नाही. तिथे केंद्राचे २००९ पासून न बदललेले ताशी सव्वासात डॉलर चालतात. मजुराला जिथे सर्वांत कमी संरक्षण, तिथेच गर्भपाताची वाट सर्वांत अरुंद. शिवाय खर्च सीमा ओलांडतो: टेक्साससारख्या राज्यातील स्त्रिया न्यू मेक्सिको किंवा इलिनॉयला जातात, आणि ज्यांना सुटी, भाडे आणि मुलांची सोय जमत नाही त्या मागे राहतात. डॉक्टरही हलतात. आयडाहोतील सँडपॉइंट या लहान गावातल्या रुग्णालयाने २०२३ मध्ये प्रसूती विभागच बंद केला आणि कारणांमध्ये तिथल्या कायद्याच्या वातावरणाचा उल्लेख केला. ज्या बायकांना मूल हवे होते त्यांचीही सोय त्यामुळे गेली.

यावरून एक गैरसमज होऊ शकतो, तो आताच दूर करते. गर्भपात हा गरिबीवरचा इलाज आहे, किंवा प्रदेशाची भरभराट व्हावी म्हणून बायकांनी गर्भपात करावेत, असे मी मुळीच म्हणत नाही. लोकसंख्येच्या नावाखाली आणीबाणीत काय झाले हे या देशाला आठवते. फडावर उलटा प्रकारही असतो: कोयता मोडू नये म्हणून गर्भार बाईवर मुकादमाचा किंवा घरच्यांचा दबाव येतो आणि तिला हवे असलेले मूल पाडले जाते; आणि ज्या गर्भारपण ठेवतात त्या आठव्या महिन्यापर्यंत वाकून ऊस तोडतात. मला अभिप्रेत असलेल्या सेवेत या दोन्ही स्त्रिया बसतात. एकीला ‘नको’ म्हणता आले पाहिजे आणि दुसरीला ‘हवे’. कायद्याप्रमाणे सज्ञान स्त्रीची स्वतःची संमती पुरेशी असते, नवऱ्याची सही लागत नाही. ही गोष्ट दोन्ही बाजूंनी तिचे रक्षण करते. निर्णय तिच्या हाती असेल तरच तिला पुढच्या वर्षाचा, उचलीचा, मुलांच्या शाळेचा बेत आखता येतो, आणि आर्थिक सुरक्षितता या शब्दाला मी यापेक्षा वेगळा अर्थ देऊ शकत नाही.

प्रदेशाच्या ताळेबंदात हे कुठे बसते ते आता सांगता येईल. साखरपट्ट्याला पाच महिने सशक्त श्रम मिळतात. त्या श्रमांच्या शरीराची डागडुजी, म्हणजे अर्धवट गर्भपात, रक्तक्षय, काढलेली पिशवी, न फिटलेली उचल आणि शाळा सुटलेली मुले, हे सगळे मराठवाड्याच्या खात्यावर जमा होते. आरोग्य खात्याची मनुष्यबळाची आखणी गावच्या कायम लोकसंख्येवर होते, त्यामुळे हंगामात बीडच्या उपकेंद्रात गर्दी कमी आणि शिरोळ-वाळव्याच्या फडांवर हजारो स्त्रिया, पण तिथल्या आशा कार्यकर्तीच्या यादीत त्यांची नावे नाहीत. कोरडवाहू जमीन आणि पावसाची हुलकावणी ही मराठवाड्याच्या गरिबीची कारणे आपण नेहमी सांगतो. हा तिसरा गळका नळ मात्र आपण मोजत नाही.

करण्यासारखे बरेच आहे आणि ते अवघड नाही. सरकारी रुग्णालयांना या सेवेसाठी वेगळी मान्यता लागत नाही, म्हणून ऊसपट्ट्यातील ग्रामीण रुग्णालयांत नोव्हेंबर ते मार्च आठवड्यातून किमान दोन दिवस एमव्हीएची खात्रीची सोय आणि प्रशिक्षित डॉक्टर ठेवता येतो. त्यातला एक दिवस कारखान्याच्या साप्ताहिक सुटीचा किंवा पगारवाटपाचा धरला तर खाडाच वाचतो. टोळी निघण्याआधी गावातच, ऑक्टोबरात, गर्भनिरोधनाची चर्चा आणि गर्भधारणा तपासणीचे किट देता येतात. दहा मिनिटांची ही चाचणी वीस आठवड्यांचा उशीर टाळते. ऊसतोड कामगारांसाठी राज्याने गोपीनाथ मुंडे यांच्या नावाने महामंडळ काढले आहे आणि त्याला साखर कारखान्यांकडून गाळपाच्या टनामागे निधी मिळण्याची व्यवस्था आहे. त्या निधीतून दवाखान्यात गेलेल्या दिवसांचा खाडा भरून दिला तर माझ्या अंदाजाने इतर कुठल्याही शिबिरापेक्षा त्याचा उपयोग जास्त होईल. नोकरदार स्त्रीला सहा आठवडे मिळतात. हिला सुरुवातीला सहा दिवस तरी मिळोत.

तुमच्या मोजमापाच्या प्रश्नाबद्दल. गर्भपाताची प्रवेश नोंदवही कायद्याने गोपनीय आहे. ती मागू नका, कुणी देऊ केली तरी पाहू नका. पण आरोग्य खात्याच्या मासिक माहिती प्रणालीत प्रत्येक संस्थेचे एकूण आकडे असतात: १२ आठवड्यांपर्यंतचे गर्भपात, १२ आठवड्यांनंतरचे गर्भपात, आणि गर्भपातानंतरच्या गुंतागुंतीवर केलेले उपचार. ऊसपट्ट्यातील चार तालुके आणि बीडमधील चार तालुके घ्या आणि पाच वर्षांचे आकडे महिन्यागणिक मांडा. हंगामात ऊसपट्ट्यात गर्भपात न वाढता गुंतागुंतीचे उपचार वाढतात का, आणि एप्रिल-मेमध्ये बीडकडे १२ आठवड्यांनंतरच्या गर्भपातांचा वाटा चढतो का, हे तपासा. त्याशेजारी त्याच गावांतील पन्नास-साठ कोयत्यांची हंगामाअखेरची अंगावर राहिलेली उचल लिहा. उचलीची माहिती पुरुषांकडून घेऊ नका, बायकांना विचारा. कुठल्या आजारपणात किती खाडे पडले हे त्यांना तारखेनिशी पाठ असते.